हक्काचा अर्धा तास

बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावरून आमचे सर गावात यायचे ते टांग्याच्या बाजूबाजूनं चालत. टांगा रिकामा, टांगेवाला ओळखीचा, जायचं दोघांनाही सिंधीपुऱ्यातच. टांगेवाला म्हणायचा, "बसा ना प्रोफेसरसाब, घोडा तर जाऊच राहिला." सर म्हणायचे, "आज फुकट बसलो तर उद्या तू बसवलं नाहीस की मला तुझा राग येईल. कशाला?" आणि मग काठी टेकत, घोड्याच्या चालीशी आपली चाल जुळवत, त्याच टांगेवाल्याशी कापसाच्या भावापासून लोकशाहीपर्यंत गप्पा मारत ते घरी पोचायचे. सर दम खायला थांबले की घोडाही थांबायचा. ही मेहेरबानी मात्र त्यांच्या लक्षात येत नसे.

मेहेरबानी हा शब्द ते शिवीसारखा उच्चारायचे. पोस्टमास्तर त्यांचा जुना विद्यार्थी. तो खिडकीतून हाक मारायचा, "सर, आत या, तिकिटं देतो." सर रांगेच्या शेवटी उभे राहून तिथूनच ओरडून सांगायचे, "माझा नंबर आला की दे." पुढची सगळी माणसं वळून बघायची. त्यातल्या काहींना वाटायचं, हा मोठा माणूस असावा. बाकीचे सरांना ओळखत होते.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या, "यांनी हुंडा घेतला नाही तेव्हा आमच्या माहेरी केवढं कौतुक झालं! नंतर कळलं, शेजारून विरजणसुद्धा आणू देत नाहीत."

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एकदा सरांकडे केळीचा एक घड पाठवला. सरांनी तो परत पाठवला. आबांना अपमान वाटला, त्यांनी तो पुन्हा पाठवला. तेव्हा सर स्वतः घड खांद्यावर घेऊन नावेत बसले आणि तापी ओलांडून आमच्या जैनाबादला आले. तोवर केळी इतकी पिकली होती की कोण कुणाला देणार हा प्रश्न उरला नाही. अंगणात बसून सगळ्यांनी ती संपवली. सरांनीही खाल्ली, पण उभ्यानं. बसून खाल्लं असतं तर पाहुणचार झाला असता.

तर असा माणूस माझ्या वाट्याला आला, आणि माझ्या वाट्याला नेमकं मेहेरबानीशिवाय काहीच नव्हतं.

मी शाळेत असताना उन्हाळ्यात जिनात कामाला गेलो होतो. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथं कापसाबरोबर माझा उजवा हातही मशीननं ओढून घेतला, मनगटाच्या वरपर्यंत. हात गेल्यावर घरानं ठरवलं की याला शिकवायचं. माझ्या उच्च शिक्षणाचं श्रेय एका मशीनला आहे आणि मी ते कधी नाकारलेलं नाही. आबांचा हिशेब सरळ होता. केळीचा घड उतरवायला दोन हात लागतात. एका हाताचा माणूस बागेत माकडं हाकू शकतो. बी.ए. झाला तर हायस्कुलात मास्तर होईल. न झाला तर माकडं आहेतच.

डाव्या हातानं लिहायला मी शिकलो. अक्षर चांगलं आलं, वेग बैलगाडीचा राहिला. पेपरात मला जे यायचं त्यातलं बरंचसं डोक्यातच राहून जायचं.

कॉलेजचे प्राचार्य दयाळू होते, आणि आपण दयाळू आहोत हे त्यांना ठाऊकही होतं. माझ्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली. कॉलेजात घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला होता. परीक्षा त्या घंटेवर सुरू व्हायची आणि तिच्यावरच संपायची. प्राचार्यांनी चपराशाला सांगून ठेवलं, शेवटची घंटा अर्धा तास उशिरा मारायची. "घंटा झाली नाही, म्हणजे वेळ झाली नाही," असं ते म्हणायचे. नियम मोडला नाही, कुणाला विचारावं लागलं नाही, पोराचं काम झालं. आमच्या गावात पुष्कळ गोष्टी अशाच चालायच्या आणि चांगल्या चालायच्या.

अर्थात घंटा सगळ्यांचीच असल्यामुळे अख्ख्या कॉलेजला अर्धा तास जास्त मिळायचा. माझ्याइतका लोकप्रिय थोटा माणूस त्या काळी निमाडात दुसरा नसेल. पेपरच्या आदल्या दिवशी पोरं माझ्या तब्येतीची चौकशी करायची. "भो, उद्या येशील ना? ताप-बीप नाही ना? नदीला पाणी जास्त असलं तर आम्ही न्यायला येऊ."

इंटरच्या शेवटच्या पेपरला देखरेखीवर सर आले. ते तर्कशास्त्र शिकवायचे. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि वेळ होताच उठून म्हणाले, "पेपर द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, घंटा कुठं झाली?"

"घंटा हे लोखंड आहे. द्या."

पोरांनी पाय आपटले. सरांनी एकेकाचा पेपर काढून घेतला. माझाही. बाहेर लिंबाखाली त्यांनी मला गाठलं.

"तुला हा जास्तीचा वेळ कोण देतं?"

"प्राचार्य."

"उद्या ते बदलून गेले तर?"

मी लिंबाला टांगलेल्या रुळाकडे बघितलं.

"आणि सगळ्यांनाच अर्धा तास मिळाला, तर तुला काय मिळालं? तू जितका मागे होतास तितकाच मागे. दया वाटली गेली गावभर, आणि उपकार तेवढे तुझ्या एकट्याच्या डोक्यावर."

तर्क बिनचूक होता. त्या पेपरात मी काठावर वाचलो, हा त्यातला किरकोळ मुद्दा.

"तुझा अर्धा तास मी तुला विद्यापीठाकडून मिळवून देतो," सर म्हणाले. "लेखी. तुझ्या एकट्याचा. मग तो कुणाला परत घेता येणार नाही आणि तुला कुणापुढे हात जोडावे लागणार नाहीत." मग माझ्याकडे बघून त्यांच्या काय ते लक्षात आलं आणि ते पुढे म्हणाले, "मान वाकवावी लागणार नाही, असं म्हण."

राज्यांची नव्यानं जुळवाजुळव झाली ती ही वर्षं. आमच्या राज्याचं नाव तेच राहिलं, आतलं सगळं बदललं. राजधानी नागपूरची उठून भोपाळला गेली. वेगवेगळ्या राज्यांचे नियम एका कपाटात कोंबले गेले आणि किल्ली कुणाकडे यावर विचार सुरू झाला. त्यात कॉलेजचं विद्यापीठही बदललं. जुनं विद्यापीठ म्हणायचं, तुम्ही आता आमचे नाही. नवं म्हणायचं, तुम्ही अजून आमचे नाही.

कॉलेजच्या ऑफिसात एक बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. या सगळ्या काळाचं उत्तर त्यांच्याकडे एका शब्दात होतं. "एकीकरण चालू हाय ना, सरजी. सबर करा थोडा."

"अहो, मुलाची परीक्षा सबर करणार आहे का?"

"तिचंही एकीकरण होईल."

सर अर्ज करत राहिले, आणि संध्याकाळी माझं अक्षर घोटून घेत राहिले. एखाद्यानं देवळात रोज जावं तसे ते ऑफिसात जायचे, आणि देवाइतकंच बाबूंचंही उत्तर ठरलेलं असायचं.

मधे एक मंत्री आले. कशासाठी आले ते आता आठवत नाही. त्या दिवसांत मंत्री नव्या राज्याला भेटी देत फिरायचे, आणि नवं राज्य हारतुरे घेऊन उभं असायचं. प्राचार्यांनी मला व्यासपीठावर बसवलं. 'हिंमतवान विद्यार्थी' म्हणून माझा सत्कार झाला. बडे बाबूंनी माझ्या अस्तनीचा रिकामा भाग खिशात खोचलेला होता तो बाहेर काढून लोंबता ठेवला, मागच्या लोकांनाही दिसावा म्हणून. मंत्र्यांनी मला फाउंटनपेन दिलं. त्याचं टोपण फिरकीचं होतं. फिरकीचं टोपण काढायला दोन हात लागतात, हे त्या व्यासपीठावर फक्त मला सुचलं. मी ते दातानं काढून दाखवलं आणि टाळ्या पडल्या.

भाषणं संपल्यावर सर गर्दीतून वाट काढत मंत्र्यांपर्यंत गेले. "त्या मुलाला पेन नको. अर्धा तास द्या."

मंत्री हसले. "अर्धा तास काय, प्रोफेसरसाहेब? हमारी सरकार पूर्ण वेळ त्याच्या पाठीशी आहे."

"पाठीशी नको. परीक्षेत."

मंत्री पुढे सरकले होते. प्राचार्यांनी सरांशी पुढे बरेच दिवस बोलणं सोडलं.

अखेर नव्या विद्यापीठाचं उत्तर आलं. जादा वेळ आणि लेखनिक ही सवलत आंधळ्या उमेदवारांना आहे. तरी उमेदवारानं आंधळा असल्याचा दाखला जोडावा.

बाबूंनी हे वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं. "येवढंच ना? आपला डॉक्टर हाय ओळखीचा. लिहून देईल, नजर मंद."

त्याच दिवशी संध्याकाळी आबा मला घेऊन सरांच्या घरी गेले. सिंधीपुऱ्यातली ती पुढची खोली, भिंतीला कॅलेंडरसुद्धा नाही, कारण कॅलेंडरं दुकानदार फुकट देतात. आबा सतरंजीच्या कडेला बसले.

"सर, होऊ द्या ना त्याले आंधळा. परीक्षेपुरता."

"त्याला दिसतं, आबा."

"दिसते तर दिसू द्या. कागदाले काय समजते?"

"आणि उद्या खरा आंधळा मुलगा अर्ज घेऊन गेला तर? त्याला म्हणतील, मागं एक आंधळा आला होता बुऱ्हाणपूरचा, तो प्रश्न स्वतः वाचत होता."

"तो उद्याचा पोरगा तुमचा कोण लागते?"

"कुणी नाही."

"आन हा?"

आतून काकूंचा आवाज आला. "द्या ना उत्तर. तर्कशास्त्र शिकवता."

"हा माझा विद्यार्थी आहे," सर म्हणाले. "म्हणून याच्या नावावर खोटं नको."

आबा उठले. टोपी नीट केली. "सर, तुमची सचाई लय मोठी हाय. मी अडाणी मानूस, पाया पडतो तिच्या. पन तिचं भाडं माझा पोरगा भरू राहिला." मग माझ्याकडे वळले. "तू सांग. तू का म्हनते?"

मी म्हणालो, "सर म्हणतात तसं."

का म्हणालो, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. त्या गावात मला बिचारा म्हणणारे होते, हिंमतवान म्हणणारे होते, आणि आता आंधळा म्हणायलाही तयार झाले होते. मी जो होतो तोच मला म्हणणारा माणूस एक होता. त्या वयात एवढं कारण पुरतं.

सरांनी विद्यापीठाला पुन्हा लिहिलं. उमेदवार आंधळा नाही, तरी त्याला वेळ लागतो. यावर उत्तर आलं की उमेदवारानं डॉक्टरांच्या मंडळापुढे हजर व्हावं. आम्ही दोघं रेल्वेनं विद्यापीठाच्या गावी गेलो. तिथल्या व्हरांड्यात एक कारकून होता. माझ्याकडे बघून त्याला दया आली. तो हळूच म्हणाला, "देखो भैया, अंदर जरा वाकडंतिकडं लिहा. हात थरथरू द्या. समजलं ना?"

सरांनी ऐकलं. "जसं लिहितोस तसं लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. डॉक्टरांनी तो कागद एकमेकांकडे दिला. एक म्हणाले, "वा! मोती आहेत मोती." दुसरे म्हणाले, उजव्या हातानं त्यांचं स्वतःचं अक्षर इतकं चांगलं नाही. यावर सगळे हसले, कारण ते डॉक्टर होते आणि ते खरं होतं.

सर पुढे झाले. "अक्षर नका बघू. वेग बघा."

"वेगाचा विषय मंडळाकडे नाही," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही अवयव तपासतो."

निकाल तिथंच कळला. डावा हात निरोगी. उमेदवार लिहिण्यास समर्थ. सवलतीची गरज नाही. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली आणि असाच पुढे जा म्हणाले.

परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत बसले होते. खूप वेळानं म्हणाले, "तुझं अक्षर मीच घोटून घेतलं ना रे?" मी हो म्हणालो. लालबागला उतरल्यावर टांगेवाल्यानं विचारलं, "काम झालं का, साब?" सर त्याच्या शेजारून चालत राहिले, त्या दिवशी गप्पा नव्हत्या.

बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेपर्यंत प्राचार्य निवृत्त झाले होते आणि परीक्षा केंद्राची जबाबदारी सरांवर आली होती. घंटा वेळेवर वाजायची. पोरं आता माझ्याकडे बघायचीही नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी लहान उत्तरं लिहायला शिकलो होतो. पेपरमागून पेपर काठाकाठानं गेले.

शेवटचा पेपर तर्कशास्त्राचा होता. घंटा झाली तेव्हा माझा एक मोठा प्रश्न अर्धा राहिला होता, आणि तो सोडला तर पास होणार नाही हे मला ठाऊक होतं. पोरं उठून गेली. दुसरे देखरेखवाले पेपरांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात गेले. सर माझ्या बाकापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी लिहीत राहिलो. ठरवून नव्हे, हात थांबत नव्हता एवढंच. त्यांचा हात तसाच पुढे होता, पण कागदाला लागत नव्हता. मग त्यांनी तो मागे घेतला, ते खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत उभे राहिले. बाहेर सायकली ठेवायची एक पत्र्याची शेड होती. ती ते पूर्ण वेळ बघत होते.

मी उत्तर संपवलं. पेपर नेऊन दिला.

"झालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"झालं, सर."

"शेवटी अक्षर बिघडलं नाही ना?"

"नाही."

घरी येऊन मी आबांना सांगितलं. आबा कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. "म्हंजे अखेर मानूसच निघाला तुझा मास्तर!" आईनं गोडाचं केलं. मी त्या दिवशी झोपलो तो हायस्कुलातला मास्तर म्हणूनच.

सरांनी त्याच दिवशी विद्यापीठाला कळवून टाकलं होतं. अमुक उमेदवाराला घंटेनंतर आपण लिहू दिलं, नियमाचा आधार नव्हता, जबाबदारी आपली.

आम्ही पाठवलेल्या इतक्या कागदांपैकी एवढ्या एकालाच लगेच उत्तर आलं. माझा पेपर रद्द झाला. सरांना परीक्षेच्या कामातून काढलं. एकीकरण तेवढ्यापुरतं पूर्ण झालेलं होतं.

हे सांगायला सर स्वतः जैनाबादला आले. आम्ही अंगणात उभे राहूनच ऐकलं. आबांनी शांतपणे विचारलं, "सर, तुमी त्याले लिहू दिलं, ते कोनी पाह्यलं होतं?"

"कुणी नाही."

"कोनी तक्रार केली होती?"

"नाही."

"मग?"

"मी होतो ना तिथं," सर म्हणाले.

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पण एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं त्यांनी बघितलं, आणि बागेकडे निघून गेले.

"पुढच्या वर्षी पुन्हा बस," सर मला म्हणाले. "मी नव्यानं अर्ज करतो. आता त्यांना आपलं प्रकरण माहीत झालंय."

मी नाही म्हणालो. बागेचं उत्पन्न धाकट्या भावांना लागत होतं, आणि माझ्यात पुन्हा काठावरून चालायचं बळ नव्हतं. पुढे मला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे काम मिळालं, वॅगनमध्ये चढणारे घड मोजायचं. मोजायला हात लागत नाहीत. आयुष्य त्यातच गेलं. फावल्या वेळात वाचत राहिलो, आणि वाचलेल्याचा उपयोग काय असं कुणी विचारलं नाही, हे एक सुख.

अशा मुलांना जादा वेळ द्यायचा नियम पुढे झाला. माझा नातू ज्या कॉलेजात जातो तिथं एका मुलीला तो मिळतो. ती पेपर संपवून मैत्रिणींशी हसत बाहेर येते, कुणाचे आभार मानत नाही. सरांना हेच हवं होतं. तोवर ते राहिले नव्हते. ते बरोबर होते, आणि त्यांच्या बरोबर असण्याची वेळ यायला माझं अख्खं आयुष्य जावं लागलं.

पण त्या दिवशी अंगणात हे काही माहीत नव्हतं. मी नाही म्हटल्यावर सर जायला निघाले. नदीच्या उतारापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. नाव पलीकडे होती, थांबावं लागलं.

"तुला माझा राग आला?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. तो तुझा हक्क आहे. सोडू नकोस."

नाव आली. ते बसले. त्यांनी मला मिळवून दिलेला तो एकच हक्क, आणि तोही मला कधी नीट वापरता आला नाही.